आमचो कचरो, आमचो हक्क

तुमच्या गावच्या पंचायतीने घरोघरचा कचरा उचलायचं मनावर घेतलं असेल, तर वेळीच सावध व्हा. आज ती गाडी दारात घंटा वाजवते, उद्या दोन बादल्या ठेवा म्हणते, परवा महिन्याची पावती फाडते. घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली, आता आपल्याच घाणीची पट्टी भरायची? सभेला जा आणि मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणा, "आमचो कचरो आमच्या परड्यात जिरता, तुमका कित्याक होयो?" टाळ्या पडतात. माझ्या वेळी पडल्या.

हे वाक्य आजोबांच्या जिवावर खपतं, म्हणून आजोबांना सभेत आणायला विसरू नका. त्यांच्या काळी कुठे होती घंटागाडी? खरंच नव्हती. माशांची खवलं माडाच्या आळ्यात जायची, फणसाची चारखंडं गुरांपुढे, करवंट्या नि नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत, सुका पातेरा शेतातल्या भाजावळीला. बाजारातून मीठसुद्धा पानाच्या पुडीत यायचं. एवढं सांगून खाली बसा. डायपरचा विषय काढू नका. मी गेल्या पावसाआधी नातवाचे डायपर एका माडाच्या आळ्यात पुरले. माड अजून विचार करतोय.

मग कोणीतरी शहाणा उठेल आणि सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम काढेल. घाबरू नका, उलट नीट वाचून घ्या. दारोदार कचरा गोळा करणं हे स्थानिक संस्थेचं काम, असं त्यात लिहिलंय. आपण तो ओला, सुका असा वेगवेगळा द्यायचा, शुल्क भरायचं, आणि रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही, गटारात किंवा पाण्यात सोडायचा नाही. वाचलंत ना? आपल्याला येणाऱ्या सगळ्या पद्धती एका जागी, सरकारी खर्चाने छापलेल्या. एखादी राहून गेली असेल तर लक्षात येते.

जाळायचं असेल तर रात्री, मतलई वारा सुटल्यावर. धूर समुद्राकडे जातो. मध्ये मच्छीमारांची वाडी लागते, पण त्यांना वासाची सवय असते हे आपण आपसांत कधीच ठरवून टाकलंय. जाळायचा कंटाळा असेल तर गडग्याच्या कडेला पिशव्या रचत जा आणि मिरगाच्या पहिल्या पाण्यात व्हाळाला, म्हणजे ओढ्याला द्या. आठ महिन्यांचा माल एका रात्रीत उचलणारा ठेकेदार दाखवा मला! पावती नाही, घंटा नाही, की "बाई, ह्यात बाटल्या कशाला घातल्यात" असा प्रश्न नाही.

फ्लॅटवाल्यांना परडंच नाही, ही अडचण खरी. त्यांनी ज्याने त्याने आपापला माणूस ठेवावा. आमच्या आळीत तसे तीन टेम्पो येतात. एक नव्या इमारतीचा, एक हॉटेलवाल्यांचा आणि एक कुणाचा ते नक्की नाही, पण तो सोमवारी येतो. पाखाडीच्या तोंडाशी एकमेकांना वाट देताना तिघांचा अर्धा तास जातो. स्पर्धेने सेवा सुधारते म्हणतात ती ही असावी. ते माल कुठे रिता करतात हे मात्र विचारू नये. एकदा घाटीच्या दुसऱ्या वळणावर तिघेही एकाच दरडीवर पाठ करून लागलेले दिसले. तेवढ्या कामापुरती त्यांच्यात पूर्ण एकी होती.

सभेत वेंगुर्ल्याचं नाव निघणारच, त्याची तयारी करून जा. तिथल्या नगरपरिषदेने कचरा घरातूनच वेगळा करून घेतला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात घातले आणि डंपिंगच्या जागेचं पर्यटनस्थळ केलं. माणसं मुद्दाम बघायला जातात. यावर उत्तर एकच: "तां वेंगुर्ला!" जास्त बोलू नका. खाडीपलीकडची माणसं वेगळ्या मातीची, हे कोकणात सिद्ध करावं लागत नाही. फारच कोणी चिकाटी धरली तर सांगा, त्यांनी डंपिंगचं पर्यटनस्थळ करायला एवढी खटपट केली. आपण पर्यटनस्थळाचं डंपिंग पैसाही न खर्चता केलं.

एक चूक तेवढी माझ्यासारखी करू नका. नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर उभा होता. उधाणाची भरती. नारळ अजून हातात होते, आणि समुद्राने त्याआधीच आपल्याकडून परतफेड सुरू केली. शेजारचा पोरगा गुडघाभर पाण्यात शिरला आणि एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी उचलून थेट माझ्याकडे आला. तिच्यावर कुरियरची चिठ्ठी होती. माझं नाव, वाडी, पिनकोड, सगळं ठळक, एक अक्षर पुसलेलं नाही.

"काकानू, तुमचा पार्सल इला."

सरपंचांपासून भटजींपर्यंत सगळ्यांनी मान वळवून बघितलं. मी ती पिशवी सही करून घ्यावी तशी दोन्ही हातांनी घेतली. तेव्हा व्हाळात सोडण्याआधी पत्त्याची चिठ्ठी सोलून काढा. निघत नसेल तर थोडं खोबरेल लावून ठेवा, अर्ध्या तासात सुटते.