आडनाव बदललं, टीम नाही

"आई, लग्न झाल्यावर तू आडनाव बदललंस, घर बदललंस, मग टीम का नाही बदललीस?"

परवा जेवताना पोराने विचारलं. पंगतीला त्याचे वडील होते, आजोबा होते. तिघेही हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मी "आधी जेव" म्हणून विषय मिटवला. पण तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं माहेर कोल्हापुरातली मंगळवार पेठ, म्हणजे फुटबॉलची टीम पाटाकडील तालीम. सासर शिवाजी पेठ, म्हणजे टीम शिवाजी तरुण मंडळ. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, त्यात काय एवढं? त्यांनी एकदा शाहू स्टेडियमवर या दोघांची मॅच बघावी.

कोल्हापुरात फुटबॉल टीमच्या नावात 'तालीम' का, हे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी नेहमी विचारतात. आमच्याकडे पेठ म्हटली की तालीम आली. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि गल्लीतल्या पोराने तालमीत जायचं हा रिवाजच झाला. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल धरला. तालमीचा गणपती, तालमीचा कट्टा, कुणाच्या घरात दुःखद घडलं तर सगळ्यात आधी धावत येणारी तालमीची पोरं, आणि त्याच तालमीची टीम. हे एकातून एक सुटं करता येत नाही. टीम निवडायला कुणी आम्हाला विचारलंच नव्हतं. बारशाच्या दिवशी नाव मिळालं तशीच टीमही मिळाली.

मला ती माहेरच्या आबांनी दिली. मी सहा-सात वर्षांची असताना सायकलच्या नळीवर बसवून ते मला स्टेडियमवर न्यायचे. गॅलरीत बायका जवळजवळ नसायच्याच. "पोरीला कशाला आणलंय?" असं कुणी म्हटलं की आबा म्हणायचे, "तिची बी तालीम हाय." चार शब्दांचं वाक्य, पण त्या वयात मला कुणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत दगडी पायरी तापलेली असायची, आबा खाली रुमाल अंथरायचे, भडंगाची पुडी माझ्या हातात द्यायचे. ऑफसाइड मला त्यांनी पुडीतल्या शेंगदाण्यांवर शिकवला.

आता कुणी मला सांगावं की लग्नाच्या अक्षता पडल्या म्हणून हे सगळं पुसून टाक. कसं पुसायचं?

टिकून राहण्याचं दुसरं कारण ओळख. गॅलरीतून ज्याला आपण नावाने हाक मारतो तो गडी सकाळी दूध कट्ट्यावर भेटलेला असतो. त्याचा गुडघा कधी दुखावला, त्याच्या आईने त्याच्या बुटांसाठी कुठून पैसे उभे केले, हे माहीत असतं. पेनल्टी चुकली की शिवी तोंडात येते आणि त्याच क्षणी त्याची आई आठवते. टीव्हीवरच्या क्लबात हे मिळत नाही, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत होते.

पण मग आमच्याकडे परदेशी खेळाडू आले. नायजेरियातून आलेला पोरगा, ना पेठेतला, ना भाषेतला. पहिल्या मॅचला लोक गप्प बघत होते. त्याने अंग झोकून बॉल काढला आणि दुसऱ्या मॅचला त्याला टोपणनाव पडलं. महिन्याभरात तो कट्ट्यावर बसून मिसळ खायला लागला. दुसरीकडे आपल्याच गल्लीत वाढलेला एखादा खेळाडू हंगाम बदलला की समोरच्या तालमीकडून उतरतो. वाईट वाटतं, पण त्याला घर चालवायचं असतं, त्याला मी दोष देणार नाही. खेळाडू जाऊ शकतो, कोच जाऊ शकतो. पायरीवर बसणाऱ्याला मात्र जायला दुसरी जागाच नसते.

पोराचं म्हणाल तर तो स्वतःला इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचा म्हणवतो. यावरून कट्ट्यावरची मोठी माणसं त्याला बोलतात. "तुझा आणि मँचेस्टरचा काय संबंध? जिंकणाऱ्याच्या मागं पळतोयस." मीही आधी असंच बोलायचे. मग हिशोब केला. पोरगा 2010 चा. युनायटेडने शेवटची लीग जिंकली 2013 साली, त्यांचे कोच फर्ग्युसन निवृत्त झाले त्या वर्षी. म्हणजे याला कळायला लागल्यापासून यांनी लीग जिंकलेलीच नाही! मावसभावाने दिलेली जुनी जर्सी, त्याच्यासोबत रात्री आवाज बंद करून बघितलेल्या मॅचेस, आणि वर्षानुवर्षांचा पराभव. मलाही एका माणसाने हाताला धरून नेलं, त्यालाही एका माणसानेच. मग त्याचं प्रेम खोटं आणि माझं खरं, हे कुठल्या तोंडाने सांगू? मी त्याची भर कट्ट्यावर माफी मागितली.

त्यानेच मला युनियन बर्लिनबद्दल सांगितलं. जर्मनीतला साधा क्लब, स्टेडियम मोडकळीला आलेलं, दुरुस्तीला पैसा नाही. 2008 मध्ये समर्थक स्वतः कामाला लागले. दोन हजारांहून जास्त माणसं, 1 लाख 40 हजार तासांची मेहनत, एक पैसा न घेता. सिमेंट कालवलं, पायऱ्या बांधल्या. आमच्याकडे तालमीची इमारत अशीच उभी राहते, कुणी वाळू देतो, कुणी दोन दिवस हात देतो, त्यामुळे मला ते लोक लांबचे वाटलेच नाहीत. आणि इंग्लंडमधला विम्बल्डन फुटबॉल क्लब. 2002 मध्ये मालकांना क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात न्यायची परवानगी मिळाली. लोकांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली, 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचले. मालकाकडे कागद होता, पण क्लब लोकांसोबतच राहिला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कुणाला राग आला तरी. या निष्ठेच्या नावाखाली आपल्या गॅलरीत जे चालतं ते मला मान्य नाही. दगड, बाटल्या, पंचाच्या आईवरून शिव्या, मॅच संपल्यावर रस्त्यात गाठून मारामारी. एका वर्षी माझ्या डोळ्यांसमोर बारा-तेरा वर्षांच्या पोराचं डोकं फुटलं. तो कुठल्या तालमीचा होता ते मला आजही माहीत नाही, माझ्या ओढणीने मी त्याची जखम बांधली. मॅच बंद पडली की नुकसान त्याच खेळाडूंचं होतं ज्यांच्यासाठी आपण गळा फाडतो. आईवरून शिव्या होतात म्हणून बायका येत नाहीत, आणि बायका येत नाहीत म्हणून अर्ध्या पेठेला आपली टीम फक्त ऐकून माहीत असते. हे बदललंच पाहिजे.

आता पोराच्या प्रश्नाचं उत्तर.

2019 मध्ये युनियन बर्लिन पहिल्यांदा जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. त्या पहिल्या मॅचला लोक आपल्या गेलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले होते. ज्यांनी आयुष्यभर वाट बघितली आणि हा दिवस बघायला उरले नाहीत, त्यांचे. मॅच 4-0 ने हरले. पोराने मला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा आबांना जाऊन चार महिने झाले होते.

त्यानंतरच्या हंगामात पाटाकडीलच्या पहिल्या मॅचला मी एकटीच निघाले. गॅलरीत पोचले, आबांच्या पायरीवर रुमाल अंथरला. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. बघते तर मामा, माझे सासरे. शिवाजी तरुण मंडळाचा हा माणूस जन्मात कधी या बाजूला बसलेला नाही. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"मामा, तुम्ही इकडं?"

"टाळ्या वाजवणार न्हाई मी," ते समोर मैदानाकडे बघत म्हणाले. "पण तुझ्या आबांची जागा मोकळी दिसायला नको."

आम्ही त्या दिवशी एका गोलने हरलो. मामांनी टाळी वाजवली नाही, आणि समोरच्यांचा गोल झाला तेव्हाही हात मांडीवरच ठेवले. भडंगाची पुडी आमच्या दोघांच्या मध्ये होती.