वय विचारा, कागद मागू नका

जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी सांगितलं, की ऑस्ट्रेलियाप्रमाणे १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची बंदी करता येईल का, याचा सरकार विचार करतंय. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर वाद चालू आहे. माझी धाकटी बहीण सांगलीकडे शाळेत शिकवते. तिचं म्हणणं असं, "ताई, बंदी हवीच, आणि आधार जोडल्याशिवाय ती कुणी पाळणार नाही." तिची कळकळ मला पटते. रात्री उशिरापर्यंत रील्स बघून पहिल्या तासाला पेंगणारी मुलं ती रोज बघते. पण आधारच्या मुद्द्यावर माझा तिला ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण मी राहते त्या कॅलिफोर्नियातच आहे.

मुलाचं वय ॲपला कसं कळवायचं हे ठरवणाऱ्या इथल्या एका कायद्यावर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केली. १ जानेवारी २०२७ पासून तो लागू होईल. बंधन ॲपवर नंतर येतं, आधी ते थेट ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे फोन-संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर आहे. नवा फोन किंवा लॅपटॉप सुरू करताना पालकाने मुलाचं वय किंवा जन्मतारीख भरायची. सिस्टिम ॲपला जन्मतारीख देणार नाही, फक्त गट सांगणार: १३ च्या आतला, १३ ते १५, १६ ते १७, किंवा १८ च्या वरचा. ओळखपत्र नाही, चेहऱ्याचा फोटो नाही. पालकाने भरलं ते खरं धरायचं.

"मग पोरं खोटं वय टाकतील," असं बहीण लगेच म्हणाली. काही टाकतीलच. पण घरातल्या लहान मुलाचा फोन बहुतेक वेळा आईबापच सुरू करून देतात, आणि या कायद्याचं खरं बळ पुढच्या कलमात आहे. सिस्टिमने एकदा गट कळवला, की ॲपवाल्याला मुलाचं वय माहीत होतं असंच कायदा धरतो. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला संरक्षण देणारा कायदा १९९८ पासून आहे, आणि "आम्हाला वय ठाऊकच नव्हतं" ही त्यातली मोठी पळवाट होती. ती आता बुजते. कॅलिफोर्नियाचा कायदा मोडण्यात हलगर्जी केली तर एका मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत दंड, जाणूनबुजून केली तर ७,५०० पर्यंत. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कंपन्यांना कुठलं कलम झोंबतं ते मला कळतं, आणि हे झोंबणारं आहे.

कागद मागितले की काय होतं, हेही आपण पाहिलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने कबूल केलं, की बाहेरच्या सेवादाराकडे झालेल्या माहितीच्या चोरीत सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो गेले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारी तपासण्यासाठीच ते मागवले होते. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख, चेहरा, आधार क्रमांक एकदा बाहेर गेले की ते पोर जन्मभर त्यांच्यासकट जगणार. मुलांच्या भल्यासाठी म्हणून मुलांच्याच कागदांचा ढीग कुठल्या तरी कंत्राटदाराकडे साठवायचा, हे मला आई म्हणून मान्य नाही.

भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम जाहीर झाले. त्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळलेली संमती लागेल. त्यासाठी डिजिलॉकरसारखा, म्हणजे सरकारी कागदपत्रं ऑनलाइन ठेवणाऱ्या सेवेचा, मार्गही दिलाय. मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना कायद्याने बंदी घातलीय, ते फार चांगलं झालं. पण पालक कोण हे कागदावर सिद्ध करायचं, तर आजीकडे राहणाऱ्या, ऊसतोडीला आईबाप गेलेल्या पोराने काय करायचं? बीडकडच्या कित्येक घरांत दिवाळीनंतरचे महिने असेच जातात.

दुसरी अडचण याहून साधी आहे. फोन एक, हात पाच. बहिणीच्या वर्गातल्या मुलांचा गृहपाठ वडिलांच्या फोनवर येतो. संध्याकाळी वडील घरी आले की तोच फोन आधी थोरली घेते, मग धाकटा, जेवणानंतर आजी त्यावर कीर्तन ऐकते. या फोनचं वय काय भरायचं? हा प्रश्न इथेही सुटलेला नाही. सही करतानाच न्यूसम यांनी विधिमंडळाला लिहिलं होतं, की घरातल्या अनेकांनी मिळून वापरायच्या खात्यांचा गुंता २०२६ मध्ये सोडवा. श्रीमंत कॅलिफोर्नियाला जे जड जातंय ते आपल्याकडे पहिल्या दिवशीच आडवं येईल.

सांगली जिल्ह्यातल्याच मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेही. मोठ्यांचेही, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुठलाही कायदा बापाच्या हातातला फोन खाली ठेवायला लावत नाही.

इथल्या कायद्यावर माझा एक आक्षेप आहे, आणि भारताने नक्कल केली तर तो दुप्पट होईल. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फक्त ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट नव्हे. लिनक्स ही कुणालाही फुकट वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि डेबियनसारख्या लिनक्स प्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात. त्यांच्याकडे वापरणाऱ्यांची खाती नाहीत, की दंड भरायला पैसे नाहीत. कायद्याची व्याख्या मात्र सगळ्यांना एकाच दोरीत बांधते. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस लिनक्स आहे, केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवर चालतात. उद्या भारतात असं कलम आलं तर विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या प्रणालींना, आणि शाळेतल्या सामायिक संगणकांना, त्यातून स्पष्ट शब्दांत वगळायला हवं. बहिणीला मी हेच लिहिलंय: गोव्याने किंवा मुंबईने कायदा करायचाच असेल तर ॲपवाल्याची पळवाट बुजवणारं कलम इथून जसंच्या तसं उचलावं, आणि आधारचा रकाना मसुद्यातही ठेवू नये.