सोर, आप्पाचीवाडी आणि सोललेले खांदे

सर, नमस्कार.

बायबलमधल्या भाकितांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही रागानं लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत. एक, सोर या समुद्राकाठच्या शहराच्या नाशाविषयीचं बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याचं भाकीत शिकंदरानं पुरं केलं आणि ते मी दडवलं. दोन, निपाणीचा माणूस असून जवळच्या आप्पाचीवाडीच्या यात्रेत सांगतात त्या भाकणुकीला हात लावायची हिंमत नाही, म्हणून मी दुसऱ्याच्या ग्रंथावर घसरतो.

दुसरं जरा लागलं, म्हणून आधी तेच. तिथल्या हालसिद्धनाथांच्या यात्रेला आमच्या घरातून कुणी ना कुणी जातंच. आजी परतली की भाकरी थापता थापता भाकणूक सांगायची. पाऊस पडंल, कुठं जास्त, कुठं कमी. एका पिकाला भाव येईल, एक पडंल. राज्यकर्त्यांत गोंधळ होईल. आता ही कुठल्या वर्षी चुकायची, सांगा की! लहानपणी हेच विचारलं तेव्हा पिठाचा हात माझ्यावर उगारला गेला होता. झालं हिंमतीचं?

यहेज्केल तसला नाही. 26व्या अध्यायात तो राजाचं नाव घेतो. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर येईल, बुरूज पाडेल, घोड्यांच्या टापांनी रस्ते तुडवेल, आणि हे शहर पुन्हा बांधलं जाणार नाही. तुम्ही म्हणता, तिसऱ्या ओवीत 'अनेक राष्ट्रे' आहेत आणि बाराव्या ओवीत 'तो'चा 'ते' होतो. ते 'ते' म्हणजे शिकंदराचे लोक. शिकंदरानं इ.स.पू. 332 मध्ये समुद्रात भराव टाकून, सात महिने वेढा घालून बेटावरचं सोर घेतलं, हे खरं. मी ते लिहायला हवं होतं, चूक मान्य.

पण सर, 29वा अध्याय तुम्हीही सोडलात. त्याच पुस्तकातल्या तारखांप्रमाणे सोळा वर्षांनी यहेज्केल लिहितो की सोरेपुढे राबून नबुखद्नेस्सराच्या सैन्यातल्या प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडलं, प्रत्येकाचा खांदा सोलला, पण राजाला मजुरी काही मिळाली नाही. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस नबुखद्नेस्सराचा हा वेढा तेरा वर्षांचा सांगतो. आमच्याकडे तंबाखूची पोती वाहणाऱ्या हमालांचे खांदे मी जवळून बघितलेत, त्यामुळे ही ओवी माझ्या डोक्यातून जात नाही. सगळं शिकंदरासाठीच राखून ठेवलं होतं, तर नबुखद्नेस्सराची मजुरी बुडाल्याचा हा हिशेब कशाला? बदल्यात त्याला मिसर, म्हणजे इजिप्त, देऊ केला आहे. मिसर चाळीस वर्षं ओसाड पडेल, असंही त्याच अध्यायात आहे. प्रत्यक्षात इ.स.पू. 570 ते 526 अमासिस या फारोनं तिथं भरभराटीत राज्य केलं.

आणि सोर? मराठी बायबलमधलं सोर म्हणजेच आजच्या लेबनॉनमधलं सूर. शिकंदराच्या भरावाभोवती वाळू साठून बेट किनाऱ्याला जोडलं गेलं, त्यावर आजही गाव नांदतंय. येशूचा प्रेषित पौल तिथं सात दिवस राहिला, हे बायबलच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे.

योना संदेष्ट्यानं निनवे शहराचा नाश सांगितला आणि तो टळला, हा दाखला देऊन भाकीत सशर्त असतं म्हणाल, तर निनवेकरांनी पश्चात्ताप केला होता. सोरकरांनी केल्याचं यहेज्केल कुठंच सांगत नाही.

मला खरं नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. 29वा लिहिल्यावर 26वा कुणी खोडला नाही. दोन्ही एकाच पुस्तकात राहू दिले. आजीच्या भाकणुकींचं असं एकही जुनं वर्ष माझ्याकडे नाही. यंदा तुम्हीच यात्रेला या. वही मी आणतो, तारखेसकट उतरवून ठेवू.