पहिला पिक पिकेपर्यंत

मे महिना लागला की एका यंत्रात चौदा चेंडू उडतात, त्यातले चार बाहेर येतात, आणि तिथून पुढचे सात-आठ आठवडे आमच्या ओळखीपाळखीत कुणी कुणाशी धड बोलत नाही. विषय एकच: एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगच्या, ड्राफ्टमधला (संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो सोहळा) पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, कुणावर खर्च करायचा. ही हॉकी बर्फावरची. ध्यानचंदांच्या हॉकीशी तिचं नातं स्टिकपुरतं. टोरंटोच्या आसपास राहणारा मराठी माणूस हिवाळ्यात दुसरं काय करणार, म्हणून ती बघायला लागतो, आणि एकदा लागला की सोसायटीच्या निवडणुकीइतक्या ईर्षेने भांडतो.

आधी चेंडूंचा हिशेब, म्हणजे पहिला पिक कुठल्या संघाला ते ठरवणारी सोडत. तो पाठ नसेल तर या वादात पहिल्याच षटकात विकेट जाते. ३२ संघांपैकी प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेरीला) न पोचलेले १६ संघ सोडतीत असतात. १४ चेंडूंतून चार काढले की १००१ जुळण्या होतात. एक बाद धरतात, उरलेल्या हजार वाटून देतात. सगळ्यांत तळाच्या संघाला त्यातल्या १८५, म्हणजे साडेअठरा टक्के. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण मी तर साडेपंचवीस वाचलं.’ तेही बरोबर. २०२२ पासून असा नियम आहे की सोडत लागली तरी कुठलाही संघ दहापेक्षा जास्त पायऱ्या चढत नाही. तळापासून बारावा ते सोळावा यांच्यापैकी कुणाचा नंबर लागला, तर तो पहिल्या जागेपर्यंत पोचतच नाही आणि पहिला पिक तळातल्याकडेच राहतो. या पाच जणांचे मिळून सात टक्के. साडेअठरात मिळवा. एवढं समजावेपर्यंत चहा निवतो, आणि समजल्यावर समोरचा म्हणतो, ‘म्हणजे चारातल्या तीन वेळा तळातला इथेही हरतोच की!’ हो, हरतो. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्स तळापासून दहावे होते, संधी साडेतीन टक्के, आणि पहिला पिक, मॅथ्यू शेफर, त्यांच्या घरी गेला.

सोडत झाली की माल बघायचा. माल म्हणजे अठरा वर्षांची पोरं. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी त्याचं २०१५ चं वर्ष हुकलं. तो वर्षभर झुरिकमध्ये मोठ्या माणसांत खेळला आणि २०१६ मध्ये टोरंटोने त्याला पहिला उचलला. म्हणून यादीतलं कुठलंही नाव घेण्याआधी जन्मतारीख बघावी. ऑक्टोबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला एकाच ड्राफ्टमध्ये येतात, पण पहिला दहा महिन्यांनी थोराड असतो. त्याचे गोल जास्त दिसतात त्यात नवल नाही. वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गाच्या शर्यतीत पळवला तर पहिला येणारच.

नेमक्या याच दिवसांत इथल्या देशी दुकानांत हापूसच्या पेट्या उतरतात, त्यामुळे दोन्ही चर्चा एकाच टेबलावर होतात आणि एकमेकींत मिसळतात. फार काही बिघडत नाही, कारण व्यवहार तोच आहे. कच्चा हापूस घेताना देठाशी खळगा पडलाय का आणि खांदे देठाच्या वर आलेत का ते बघतात. आले असतील तर अढीत आठ-दहा दिवसांत पिकेल. सगळं बघून घेतलेला, वरून सोन्यासारखा आंबा कापल्यावर आत साका निघतो, आणि साका बाहेरून कुणालाच दिसत नाही. पोरांचंही तसंच, फक्त अढी चार-पाच वर्षांची. बचाववाल्यांना त्याहून जास्त लागते. गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, किती लागते हे विचारू नये.

आता भांडणारे. पहिली जात आकडेवाल्यांची. यांच्याकडे प्रत्येक लीगचा भाव असतो: रशियाच्या केएचएलमधला एक गुण (गोल मारला की एक, गोलाला हातभार लावला तरी एक) एनएचएलच्या किती गुणांबरोबर, स्वीडनचा किती, कॅनडातल्या ज्युनियरचा किती. ज्युनियरचा गुण तिसऱ्या हिश्श्यालाही महाग. ही पद्धत वाईट नाही, मी स्वतः याच जातीचा. पण तिच्यात तीन ठिकाणी पाणी मुरतं. एक, पॉवर प्लेवरचे गुण वेगळे काढले नाहीत तर समोर एक माणूस कमी असताना मारलेले गोलही पराक्रमात जमा होतात. दोन, पासवर मिळालेला दुसरा असिस्ट, म्हणजे गोलाआधीच्या पासाच्याही आधीच्या पासाचा गुण. पोराने आपल्या हद्दीत पक (चेंडूऐवजी असते ती चपटी चकती) सरकवला आणि पुढे दोघांनी करामत केली, तरी गुण याच्याही खात्यात. तीन, आणि सगळ्यांत मोठं, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये सतरा वर्षांच्या पोराला चौथ्या फळीत दहा-बारा मिनिटं मिळतात. त्याचे गुण कमी दिसले म्हणजे पोरगं कमी असं नव्हे. दोष मिनिटांचा.

दुसरी जात ‘मी खेळ बघतो’वाल्यांची. खेळ म्हणजे फोनवर चार मिनिटांची चित्रफीत. तिच्यात पोरगं एकदाही पक घालवत नाही. घालवलेले पक कापूनच ती फीत बनते. खरंच बघायचं असेल तर पूर्ण सामना लावा आणि पकाकडे बघूच नका, पोराच्या मानेकडे बघा. पास येण्याआधी तो खांद्यावरून मागे कितीदा बघतो? दोनदा बघणाऱ्याला पक मिळाल्यावर विचार करावा लागत नाही. मग पहिली तीन पावलं: थांबलेल्या जागेवरून वेग घ्यायला तीन ढकल्या पुरतात की सहा? आणि पक गेल्यावर तो वळून मागे धावतो, की पंचांकडे बघून हात पसरतो? बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, स्केटिंगच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. सेंटरच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या मधल्या, जागी खेळणाऱ्याचे वळताना पाय अडखळत असतील तर एनएचएलमध्ये त्याला विंगवर, म्हणजे कडेला, ढकलतात, आणि विंगरला पहिला पिक द्यायचा म्हटलं की अर्धी बैठक उठून जाते.

गोलीचं नाव काढलं तर उरलेली अर्धीही जाते. २००० मध्ये आयलंडर्सनी रिक डिपिएट्रोला पहिला घेतला. डॅनी हीटली दुसरा गेला, मारियन गाबोरिक तिसरा. कॉनर हेलबक १३० वा, इगोर शेस्टरकिन ११८ वा. गोली तेविशी-चोविशीपर्यंत कळतच नाही, मग पहिला पिक कशाला जाळायचा, असा सरळ हिशेब आहे. मार्क-आंद्रे फ्लरी २००३ मध्ये पहिला गेला आणि नावाजला, हे खरं. पण ते बैठकीत बोलायचं नसतं.

जूनमध्ये पोरांना बफेलोला नेऊन तपासतात. सायकलवर तीस सेकंद जिवाच्या आकांताने पाय मारायचे, मग तोंडाला मुखवटा लावून दम संपेपर्यंत पुन्हा सायकल, मुठीचा जोर, पुल-अप. २०१४ मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप मारता आला नाही. शून्य. आमच्यातल्या एका काकांनी त्यावरून कॅल्गरीला वर्षानुवर्षं टोमणे मारले, कारण त्यांनी त्याला चौथा घेतला होता. २०२५ मध्ये फ्लोरिडासाठी खेळताना त्याच बेनेटला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘अरे, ट्रॉफी उचलायला पुल-अप लागत नाही.’

इतकी वर्षं हे ऐकून माझी एक खात्री झाली आहे: या वादात समोरच्या पोराबद्दल कुणी बोलतच नसतं. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकतोय, एवढंच. प्रत्येकाचं दूध वेगळं. ओटावावाला मोठं नाव ऐकलं की दचकतो, कारण १९९३ मध्ये त्यांनी अलेक्झांडर डेगला पहिला घेतला. दुसरा कोण हे कुणाच्या लक्षात राहत नाही, अशा अर्थाचं काहीतरी डेग तेव्हा बोलला होता. दुसरा होता ख्रिस प्राँगर, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. एडमंटनवाल्याला फॉरवर्ड (पुढच्या फळीतला) दाखवला की त्याला २०१०, २०११, २०१२ असे लागोपाठ तीन पहिले पिक आठवतात, त्यातला तिसरा याकुपॉव्ह, आत साका निघालेला. तो म्हणतो, बचाववाला घ्या. मग २०१५ मध्ये त्यांना मॅकडेव्हिडसारखा हिरा मिळाला, तोही फॉरवर्डच, पण पोळलेली जीभ कुठे ऐकते! आणि कोलोरॅडोवाला कुठल्याच वादात भाग घेत नाही, नुसता हसतो. २०१६-१७ मध्ये त्यांचा संघ ८२ सामन्यांत अवघे ४८ गुण मिळवून सगळ्यांत शेवटी होता, आणि सोडतीत घसरून थेट चौथा गेला. तेव्हा पहिल्या तीन जागांची सोडत होती. आता दोनच, म्हणून तळातला तिसऱ्याखाली जात नाही. सगळ्या जगाने ‘हिशियर की पॅट्रिक’ यावर दोन महिने डोकी फोडली. ते दोघे पहिले-दुसरे गेले. रडत चौथा पिक घेतलेल्या कोलोरॅडोने केल मकार नेला, जो त्या दोघांच्याही पुढे गेला.

पण सगळ्यांत जीवघेणा उन्हाळा २०२२ चा. माँट्रिअल तळाला, सोडतही त्यांचीच, ड्राफ्टही त्यांच्याच घरात, बेल सेंटरमध्ये. एका बाजूला शेन राइट: सेंटर, पंधराव्या वर्षी खास परवानगीने ओएचएलमध्ये (ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगमध्ये) आलेला, किंग्स्टनकडून ६३ सामन्यांत ९४ गुण. दुसऱ्या बाजूला स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की: विंगर, सव्वासहा फुटी, फिनलंडच्या लीगमध्ये ३१ सामन्यांत जेमतेम १० गुण, पण बीजिंग ऑलिंपिकमध्ये सात सामन्यांत सात गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. आकडेवाले म्हणाले, सात सामन्यांवर काय ठरवता, तिथे एनएचएलचे खेळाडू नव्हतेच. बघणारे म्हणाले, सतरा वर्षांचं पोर मोठ्या माणसांना भिंतीवर चिकटवतंय ते दिसत नाही का? राइटविरोधकांकडे आणखी एक मुद्दा होता: करोनामुळे त्याचा एक अख्खा हंगाम बुडाला, म्हणजे त्याची वाढ थांबली. राइटवाले म्हणाले, म्हणजेच त्याची वाढ अजून बाकी आहे. एकाच पुराव्यावर दोन्ही वकील उभे!

माँट्रिअलने स्लाफकोव्स्की घेतला. राइट चौथ्या नंबरवर सिअॅटलला गेला आणि मंचावर जाताना त्याने माँट्रिअलच्या टेबलाकडे डोळे वटारून पाहिलं की नाही, यावर आणखी एक महिना गेला. डिसेंबरात राइटने एनएचएलमधला पहिला गोल मारला तो माँट्रिअलविरुद्धच. स्लाफकोव्स्कीचा पहिला हंगाम ३९ सामन्यांत चार गोलांवर संपला, गुडघा दुखावला, आणि राइटवाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पुढच्या हंगामात त्याचे २० गोल, ५० गुण. लगेच आठ वर्षांचा करार. पेढ्यांची ऑर्डर दुसऱ्या गल्लीत गेली.

या सगळ्यात दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. पहिला दिवस एका फेरीचा. दुसरी ते सातवी दुसऱ्या दिवशी उरकतात, तोवर घसे बसलेले असतात. माँट्रिअलने दुसऱ्या फेरीत ६२ व्या नंबरवर लेन हटसन नावाचा एक बचाववाला घेतला. चणीने इतका लहान की उंचीवाल्यांनी त्याचं नाव वाचून पान उलटलं. पेटीत गवताखाली तळाशी एक फळ राहून जातं, तसा. २०२४-२५ मध्ये त्याने ६६ गुण केले आणि नवोदितांची काल्डर ट्रॉफी घेतली.

त्यानंतर जो भेटतो तो सांगतो, की ड्राफ्टच्या रात्री त्याने हटसनचंच नाव घेतलं होतं. आकडेवाले, बघणारे, उंचीवालेसुद्धा. पुल-अपवाले काकाही. मी कुणाला काही म्हणत नाही. फक्त दुसरी फेरी त्या रात्री झालीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी दिवसाढवळ्या झाली.