पाकिटात जनावर असतं

परवा रात्री आमच्या वस्तीच्या पलीकडं पुन्हा आभाळ तांबडं झालं. ऊसतोडीची टोळी दुपारी उसाचा फड मोकळा करून गेली आणि वारा पडल्यावर मालकानं पाचटाला, म्हणजे मागं पडलेल्या वाळल्या पाल्याला, काडी लावली. सकाळी आमच्या दोरीवरच्या धुतल्या धोतरावर काळी पिसं. आण्णांनी ती झटकली, बोलले काहीच नाहीत.

मीपण त्या माणसाला नावं ठेवणार नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मीही काडीच लावत होतो. पाचटात पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, साप निघतो, खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, खत टाकायला पाय ठेवायला जागा नसते. ही कारणं खोटी नाहीत. पुण्यात बसून 'शेतकरी अडाणी' म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यात पाचटाच्या सरीतून चालून दाखवावं.

पण हिशेब मांडला की पोटात दुखतं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात ४०-५० किलो नत्र (नायट्रोजन), ७५-१०० किलो पालाश (पोटॅश) आणि ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब (कार्बन). काडी लावली की कर्ब आणि नत्र गेलं आभाळात. मागं राख. आणि आठ दिवसांनी तोच मालक नत्रासाठी युरियाचं पोतं घ्यायला दुकानात उभा.

मग मी पाचट कुजवायचं ठरवलं आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो. दुकानातून पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर आणलं. शेणखतात मिसळून पसरलं. सोबत युरिया आणि सुपर फॉस्फेट टाका असं सांगितलं होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात सेंद्रियचं वारं शिरलं होतं. जिवाणू टाकलेत, आता युरिया कशाला? महिन्याभरात खोडवा पिवळा पडला. आण्णा बांधावर उभे राहून म्हणाले, "आरं, उसाचं ताट दुसरंच कोणतरी जेवतंय."

शब्दशः तेच झालं होतं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूला स्वतःचं अंग वाढवायला नत्र लागतं. ते पाचटात मिळालं नाही की जमिनीतलं ओढून घेतात. ऊस उपाशी. म्हणून तर शिफारस आहे: हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो कल्चर. तो युरिया उसासाठी नसतोच, तो कल्चरची वैरण असतो. हे मला कुणी आधी अशा भाषेत सांगितलं असतं तर एक खोडवा वाचला असता.

दुसऱ्या वर्षी वैरण दिली, तरी पाचट जसंच्या तसं. शोधल्यावर कळलं, पाकीट दुकानाच्या दारात पत्र्याखाली उन्हात पडून होतं आणि तारीखही उलटून गेलेली. मी तारीख बघितलीच नव्हती. युरियाच्या पोत्यावर कोण तारीख बघतं? सरकारच्या खत नियंत्रण आदेशात पावडरीच्या जिवाणू खताला ग्रॅममागं ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत असा नियम आहे. माझ्या पाकिटात बहुधा नुसती काळी भुकटी होती. दुकानदाराशी भांडलो, पण खरं सांगायचं तर म्हैस विकत घेताना आपण दात बघतो, सड बघतो, धार काढून बघतो. इथं मात्र पैसे दिले आणि पिशवी टाकली गाडीच्या डिकीत, भर दुपारी.

माझं म्हणणं एवढंच आहे की जैवतंत्रज्ञान म्हणून जे काही आपल्या बांधापर्यंत येतं ते जिवंत असतं, आणि आपण ते पोत्यातल्या मालासारखं वापरतो. दुकानदारही तसंच विकतो. रायझोबियम म्हणजे मुळावरच्या गाठीत राहून पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू; सोयाबीनचं वेगळं आणि भुईमुगाचं वेगळं, हे तरी किती काउंटरवर सांगितलं जातं? एकाचं दुसऱ्याच्या बियाण्याला चोळलं तर मुळावर गाठी धड येत नाहीत. मग आपण म्हणतो, "काय फरक पडत नाही ओ त्यानं."

बीटी कापसाचं, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्याच अंगात तयार करणाऱ्या कापसाचं, तरी दुसरं काय झालं? माझा कॉलेजचा रूममेट यवतमाळ जिल्ह्यातला. २००२ ला बीटीला परवानगी मिळाली, पुढं ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे तिथं वाढलेली साधी अळी टिकेल, तिच्या पतंगांशी जोडी जमेल आणि बीटी पचवणाऱ्या अळीची पैदास फोफावणार नाही. तो सांगतो, "ती पुडी आम्ही बांधावरच फेकायचो भाऊ." वर फरदड ठेवायची, हंगाम संपला तरी कापूस उभाच, म्हणजे अळीला पुढचे महिनेही जेवण चालू. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. बियाणं वाईट की चांगलं यावर लोक अजून तावातावानं भांडतात. अळीही जिवंत आहे, तीही शिकते, हे आपण शेतात धरलंच नव्हतं. कंपन्यांनीही ती पुडी कशासाठी आहे हे समजावण्यात किती घाम गाळला, तोही प्रश्न आहेच.

आता माझी रीत बसलीय. टोळी गेली की बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, युरिया-सुपर फेकायचं, मग शेणखतात कालवलेलं कल्चर, आणि लगेच पाणी. खोडव्याचं खत पहारीनं भोकं पाडून देतो, त्यामुळं पाय ठेवायच्या जागेचा प्रश्न मिटला. पहिल्या पाण्याला वेळ लागतो, रात्रीची लाईट असली की जीव जातो. पण तीन-साडेतीन महिन्यांनी पाचटाचा थर उचलला की खाली पांढरे धागे पसरलेले दिसतात, पहिल्या पावसासारखा वास येतो आणि गांडुळं पटकन आत पळतात. आण्णा हल्ली पाहुण्यांना मुद्दाम तिकडं नेऊन थर उचलून दाखवतात.

त्या शेजाऱ्याचा अजून दीड एकर तुटायचा आहे. काल जाऊन सांगून आलो, यंदा निम्म्यात तरी काडी लावू नका, कल्चर मी आणून देतो, तारीख बघून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उंदरांचं काय?"

याचं पक्कं उत्तर माझ्याकडं नाही. आमच्याकडं दोन मांजरं आहेत.