एका भोकाची लांबी

सबवूफरचा, म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स बनवायला काही लागत नाही. सहा फळ्या, स्क्रू, सढळ हाताने सरस आणि शेजाऱ्यांशी बरे संबंध. लचांड आहे ते पोर्टाचं. दिसायला म्हणाल तर एक भोक आणि त्यात खुपसलेला पाइप. पण याच भोकाचं पेटंट १९३२ साली बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थ्युरस यांना मिळालंय, आणि पुढे नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांनी त्यावर एवढं गणित करून ठेवलं की शाळेत गणिताला टाळून निसटलेला माणूस इथे बरोबर सापडतो.

माझा बेत साधा होता. बॉक्स ५० लिटरचा, ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुराला घुमतो तो सूर, ३० हर्ट्झचं. साडेसात सेंटिमीटर व्यासाचा पाइप घेतला तर लांबी येते साधारण २४ सेंटिमीटर. अगदी शहाण्यासारखी! पण आवाज वाढवला की अरुंद पाइपातून हवा सुसाट धावते आणि बासमध्ये फुसफुस मिसळते. सेकंदाला सतरा मीटरच्या आत ठेवा, असं जाणकार सांगतात. म्हणून व्यास दहा केला. लांबी झाली ४५. चौकोनी ठोकळा धरला तर माझ्या बॉक्सची आतली बाजू जेमतेम ३७! चिडून पंधराचा पाइप लावून पाहिला. उत्तर आलं एक मीटर सात सेंटिमीटर. म्हणजे पाइपालाच फळ्या ठोकून त्यावर स्पीकर बसवलेला बरा.

शिवाय तो दांडगा पाइप आतली एकोणीस लिटर जागा खातो. बॉक्स तेवढाच ठेवला की हवेला जागा कमी उरते. जागा कमी झाली की लांबी वाढते, लांबी वाढली की खाल्लेली जागा वाढते. कागद संपतो, हे संपत नाही. साडेसातचेच दोन लावावेत, ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. मग प्रत्येकी ५३ लागतात. या हिशेबात स्वस्तात सुटका नाही.

शेवटी दहाचाच घेतला आणि एल्बो लावून आत वळवला. आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान पाइपाच्या व्यासाइतकं लांब हवं, त्यापायी अर्धा दिवस बॉक्समध्ये डोकं घालून बसलो. (मान अजून एका बाजूलाच वळते.) पाइप मुद्दाम लांब ठेवला होता, कापून कमी करता येतो, ओढून वाढवता येत नाही. मग ३० हर्ट्झचा सूर लावायचा, थोडा कापायचा, पुन्हा लावायचा. ट्यूनिंग जमलं की पोर्ट जोरात फुंकतो आणि स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ थांबतो, ही खूण.

आणि थांबला! पोर्टाच्या वाऱ्याने टेबलावरचा हिशेबाचा कागद उडाला, कोन मात्र ढिम्म. मी आनंदाने आईला हाक मारली. तिने चष्मा लावून कोनाकडे नीट पाहिलं.

"अरे, हलतच नाहीये की हा. जळला का रे?"