बोटांना सापडणारी अक्षरे

अपघातग्रस्त वाहनांचा स्पॉट सर्व्हे करणे, म्हणजे विम्याच्या दाव्यासाठी अपघाताच्या जागीच वाहनाची पाहणी करणे, हा माझा व्यवसाय आहे. २००९ च्या पावसाळ्यात खंबाटकी घाटाच्या उतारावर आडव्या झालेल्या एका ट्रकजवळ मी गुडघ्यावर बसलो होतो. चासीच्या लोखंडावर ठोकलेला सतरा अक्षरांचा क्रमांक चिखल आणि ग्रीसखाली दडलेला होता. डाव्या हातातल्या फडक्याने तो पुसत, नजर त्याच्यावरच ठेवून, उजव्या हाताच्या अंगठ्याने मी एकेक अक्षर फोनमध्ये नोंदवत होतो. फोन नोकियाचा ई-६३ होता, पडद्याखाली पूर्ण कीबोर्ड असलेला. सतरा अक्षरे पूर्ण होईपर्यंत मी एकदाही फोनकडे पाहिले नाही, आणि नंतर ताडून पाहिले तेव्हा क्रमांक अचूक निघाला.

त्या फोनाविषयी, आणि त्याच्या जातीच्या इतर फोनांविषयी, मला आज सविस्तर लिहायचे आहे. खऱ्या बटणांचा कीबोर्ड असलेला स्मार्टफोन आवडतो असे सांगितले, की समोरचा माणूस हा जुन्या काळाचा लळा आहे असे समजतो आणि विषय संपवतो. मला मात्र प्रामाणिकपणे वाटते की या कीबोर्डमध्ये एक असा गुण होता जो काचेच्या पडद्याला आजपर्यंत साधलेला नाही, आणि तो गमावल्याची जाणीव मला रोजच्या कामात होते.

तो गुण असा, की दाबण्याआधीच बोटाला अक्षर सापडते. खऱ्या कळेला कडा असते, उंचवटा असतो, शेजारच्या कळेपासून तिला वेगळी करणारी फट असते. अंगठा कळेवर टेकला तरी अक्षर उमटत नाही. आपण योग्य जागी आहोत याची खात्री करून घ्यायला त्याला क्षणभर उसंत मिळते, आणि मगच तो दाब देतो. कळेखाली धातूची एक बारीक घुमटी असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती खाली बसते, तिच्याखालचे संपर्क जुळतात, आणि ती बसल्याचा टिचका अंगठ्याला जाणवतो. म्हणजे शोधणे, खात्री करणे, दाबणे आणि दाबले गेल्याचे कळणे या चारही गोष्टी बोटातच घडतात. काचेवर टेकणे आणि दाबणे यांत फरकच उरत नाही. अंगठा लागला की अक्षर गेले, आणि कोणते गेले हे पाहण्यासाठी डोळा तिथे न्यावाच लागतो. हल्लीचे फोन स्पर्शानंतर हलकेसे थरथरतात, पण ती थरथर 'काहीतरी दाबले गेले' एवढेच सांगते. 'क' दाबला की 'ल', हे सांगत नाही.

हे ज्यांनी सर्वांत खोलवर जाणले, ते कॅनडातील वॉटरलू या गावचे लोक. माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ मध्ये ब्लॅकबेरी ८५० बाजारात आणला. तो खरे तर ई-मेल येणारा पेजर होता, पण दोन अंगठ्यांनी लिहिता येईल असा कीबोर्ड हा त्याचा गाभा होता. पुढे २०११ मध्ये आलेल्या बोल्ड ९९०० या मॉडेलमध्ये ती कारागिरी कळसाला पोहोचली, असे माझे मत आहे. माझ्या एका मित्राकडे तो होता आणि मी तो अनेकदा हातात घेऊन न्याहाळला आहे. प्रत्येक कळेच्या पृष्ठावर एक तिरपी धार काढलेली असे. डाव्या अर्ध्या भागातील कळांची धार एका दिशेला झुकलेली आणि उजव्या अर्ध्या भागातील कळांची तिच्या उलट दिशेला, कारण दोन्ही अंगठे कीबोर्डवर आपापल्या बाजूने तिरपे येतात. कळांच्या ओळींमध्ये गिटारच्या मानेवर असतात तशा धातूच्या बारीक पट्ट्या होत्या, त्यामुळे एका ओळीवरून दुसरीवर गेल्याचे अंगठ्याला लगेच समजे. माणसाचा अंगठा कसा आहे याचा एवढा बारकाईने विचार करून घडवलेली वस्तू मी फोनांच्या जगात दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या घरात मात्र नोकियाच राहिला. ई-६३ मध्ये स्पेसबार थोडा वेळ दाबून धरला की मागचा दिवा टॉर्चसारखा लागत असे. ती भारनियमनाची वर्षे होती. रात्री वीज गेली, की अंधारात उशाजवळचा फोन चाचपडून हातात घ्यायचा आणि अंगठ्याने तळाची ती लांब कळ शोधायची, एवढेच करावे लागे. वडील तहसील कार्यालयात टंकलेखक होते. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर मंदावली होती, म्हणून मी माझा ई-६३ त्यांना दिला आणि स्वतःसाठी तसाच दुसरा घेतला. फोनवरची अक्षरे त्यांना वाचता येत नसत, पण त्यांची मांडणी त्यांच्या ओळखीची होती, कारण इंग्रजी टंकयंत्रावर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली तीच मांडणी फोनवर उतरली होती. आठवडाभरात ते अंगठ्यांनी मांडणी चाचपून मला निरोप पाठवू लागले. रोमन अक्षरांत लिहिलेला 'पोहोचलास का' हा त्यांचा पहिला निरोप मला वाठारच्या एका गॅरेजमध्ये मिळाला. नंतर त्यांना काचेचा फोन दिला तेव्हा त्यांनी चार दिवस प्रयत्न केला आणि मग तो फक्त बोलण्यापुरता ठेवला. मोठी अक्षरे आणि वाचून दाखवणारी सोय अशा गोष्टी त्या फोनात होत्या, पण चाळीस वर्षे बोटांत मुरलेली विद्या त्या काचेला ओळखता येत नव्हती.

उलट बाजू मांडल्याशिवाय हे लिखाण खरे होणार नाही. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवताना त्या काळचे चार कीबोर्डवाले फोन पडद्यावर आणले आणि त्यांच्यावर आक्षेप घेतला, की त्यांची बटणे प्लॅस्टिकमध्ये कायमची बसवलेली आहेत, गरज असो वा नसो ती तिथेच राहतात आणि कामानुसार बदलू शकत नाहीत. हा आक्षेप मला पटतो. नकाशा पाहताना, छायाचित्रे पाहताना, पोरांना व्हिडिओ कॉल लावून देताना मोठा पडदाच हवा असतो. वेगाच्या बाबतीतही कीबोर्डवाल्यांनी फार मोठा दावा करू नये. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी इतर दोन विद्यापीठांसह २०१९ मध्ये ३७ हजार लोकांचे मोबाइलवरचे टंकन तपासले, तेव्हा सरासरी वेग मिनिटाला सुमारे ३६ शब्द भरला. खटारा टंकयंत्रावर तीस शब्दांच्या परीक्षेसाठी आम्ही किती महिने घालवले, हे आठवले की काचेचा हा वेग कमी वाटत नाही.

पण तो वेग कशाच्या आधारावर मिळतो, याकडे माझे लक्ष वेधले जाते. काचेवर अंगठा नेमका कुठे पडला हे फोनलाही पुरते कळत नाही, म्हणून तो अंदाज करतो. आधीच्या अक्षरांवरून पुढचे अक्षर कोणते असेल ते ताडून तो त्या अक्षराचे स्पर्शक्षेत्र आपल्याला न दिसता वाढवतो, आणि शब्द पूर्ण झाल्यावर त्याला जो ओळखीचा वाटेल तो शब्द बसवतो. रोजच्या गप्पांत हे चालून जाते. माझे लिखाण मात्र गावांची नावे, आडनावे, सुट्या भागांची नावे आणि क्रमांक यांनी भरलेले असते, आणि यांपैकी काहीच फोनच्या ओळखीचे नसते. 'वडूथ' लिहिले की तो त्याला दुसरेच काही करून टाकतो. सतरा अक्षरांच्या चासी क्रमांकात अक्षरे आणि अंक एकमेकांत मिसळलेले असतात. काचेवर त्यासाठी अक्षरांच्या पानावरून अंकांच्या पानावर आणि पुन्हा मागे असे पाच-सहा वेळा जावे लागते, आणि प्रत्येक वेळी डोळा लोखंडावरून उठून काचेवर येतो. मागच्या वर्षी अशाच एका फेरीत माझ्या हातून आठच्या जागी इंग्रजी 'बी' गेला. त्या एका अक्षरापायी एका वाहनमालकाचा दावा दोन आठवडे अडून राहिला. चूक माझी होती आणि मी ती लेखी मान्य केली. पण कळांच्या फोनवर इतक्या वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

आता मराठीकडे वळतो, कारण इथे माझ्याच आवडीविरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे. माझ्या हाती आलेल्या कीबोर्डवाल्या फोनांपैकी एकावरही देवनागरी अक्षरे छापलेली नव्हती, आणि म्हणून त्या सगळ्या वर्षांत आम्ही आमची भाषा रोमन लिपीत लिहिली. वडिलांनी उभा जन्म इंग्रजीबरोबर मराठी टंकयंत्रावरही काढला, तरी मुलाला निरोप मात्र परक्या लिपीत पाठवला. काचेवर कळा बदलता येतात म्हणूनच फोनवर देवनागरी घरोघर पोहोचली. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'स्वरचक्र'सारख्या कीबोर्डने तर व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती चाकासारखी उलगडून दाखवली. ठोस कळेला हे कधीच जमणार नाही. काचेचे हे ऋण मी मनापासून मानतो.

तरीही हा प्रश्न सुटण्यासारखा होता, असे मला वाटत राहते. १९९१ च्या भारतीय मानकात असलेली, भारतीय लिपींसाठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी ज्यांनी शिकून घेतली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क' आणि 'ख' एकाच कळेवर, 'त' आणि 'थ' एकाच कळेवर, 'ल' आणि 'ळ' एकाच कळेवर अशी जोड्यांची रचना आहे, त्यामुळे ती बोटांत लवकर बसते. डावा अंगठा मात्रेवर आणि उजवा व्यंजनावर, ही तर दोन अंगठ्यांच्या लिखाणासाठी फारच सोयीची विभागणी आहे. अडचण एकच होती. फोनच्या कीबोर्डवर अक्षरांच्या सव्वीस कळा असतात आणि इनस्क्रिप्टला त्याहून जास्त लागतात. 'ज'पर्यंत सगळे जागेवर बसते, पण 'ड', 'च', 'ट' आणि 'य' संगणकावर ज्या विरामचिन्हांच्या कळांवर आहेत, त्या फोनवर नसतातच. 'च' आणि 'य' नसलेल्या कीबोर्डवर मराठीचे एक वाक्यही पुरे होणार नाही. पण २००८ चा एचटीसी ड्रीम, २००९ चा नोकिया एन-९७ असे पडद्याखालून सरकून बाहेर येणाऱ्या आडव्या कीबोर्डचे फोन निघत होते, आणि त्या आडव्या रुंदीत प्रत्येक ओळीला दोन-तीन कळा वाढवणे अशक्य नव्हते. कोट्यवधी माणसांच्या भाषेसाठी सात-आठ कळा वाढवाव्यात असे वाटायला हवे होते. तोपर्यंत ही जातच बाजारातून उठली.

ती कशी उठली याचा इतिहास थोडक्यात सांगतो. ३० जून २०१७ रोजी माझ्या जुन्या नोकियासारख्या, सिंबियन प्रणालीवर चालणाऱ्या फोनांवरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले आणि माझा नाइलाज झाला. ब्लॅकबेरीच्या कंपनीने २०१६ मध्येच स्वतः फोन बनवणे सोडले होते, पण टीसीएल या चिनी कंपनीने परवाना घेऊन 'कीवन' काढला होता, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तो भारतात ऑप्टिमस या कंपनीमार्फत ३९,९९० रुपयांना आला. एवढे पैसे मी फोनवर पूर्वी कधी घातले नव्हते, पण तो घेतल्याची मला एक दिवसही हळहळ वाटली नाही. त्याच्या स्पेसबारमध्येच बोटाचा ठसा ओळखण्याची सोय होती. प्रत्येक अक्षराच्या कळेला हलक्या दाबाचे एक आणि लांब दाबाचे एक अशी दोन कामे, म्हणजे एकूण बावन्न कामे, नेमून देता येत. मी 'सी' कॅमेऱ्याला दिला होता आणि 'आर' माझ्या अहवालांच्या फोल्डरला. मधे एकदा 'एम' आणि 'एन' दाद देईनासे झाले, तेव्हा बुधवार पेठेतील एका कारागिराने किपॅड उचकटून खालची डोम शीट, म्हणजे त्या बारीक घुमट्यांचा पत्रा, बदलून दिली. तासाभरात फोन पुन्हा नव्यासारखा टिचकू लागला.

टीसीएलचा परवाना २०२० मध्ये संपला. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनांच्या सेवा बंद झाल्या. माझा फोन अँड्रॉइडचा असल्यामुळे त्यातून वाचला, पण दीड वर्षापूर्वी माझ्या बँकेचे अ‍ॅप त्यावर चालेनासे झाले आणि मला काचेचा फोन घ्यावा लागला. आज ज्यांना ही ओढ आहे त्यांच्यासाठी मोजकेच पर्याय उरले आहेत. युनिहर्ट्झ ही चिनी कंपनी 'टायटन' मालिका काढते, २०२५ मधील 'टायटन २' ला चौकोनी पडद्याखाली पूर्ण कीबोर्ड आहे. २०२४ मध्ये 'क्लिक्स' नावाने आयफोनच्या खाली जोडायची कीबोर्डची खोळ आली, आणि ती तयार करणारे लोक जुने ब्लॅकबेरीप्रेमीच आहेत. छोट्या कंपन्या अजूनही हे धाडस करतात याचा मला आनंद होतो.

कीवन मी विकलेला नाही. त्यात सिमकार्ड नाही, पण बॅटरी अजून दिवसभर टिकते. स्पॉटवर गेलो की काचेचा फोन खिशात हॉटस्पॉट चालू करून ठेवतो, ट्रकखाली वाकतो, फडक्याने चासी पुसतो आणि क्रमांक कीवनमध्ये घालतो. ही पोस्ट देवनागरीत आहे, म्हणून ती मात्र मला काचेवर लिहावी लागली.